घरगुती जनरेटर: वेढे किती घ्यायचे, तार किती गेजची?

माझ्या पहिल्या जनरेटरने मल्टीमीटरवर ४५ व्होल्ट दाखवले आणि गाडीच्या ब्रेकलाइटचा २१ वॅटचा बल्ब काही पेटवला नाही. बल्ब बदलला, होल्डर बदलला, शेवटी मीटरवर संशय घेतला. मीटर बिचारा बरोबर होता. मी वापरलेली तार छताच्या पंख्याची, ३६ गेज, केसासारखी. (गेज म्हणजे तारेच्या जाडीचा क्रमांक, आकडा मोठा तितकी तार बारीक.) रिवायंडिंगच्या दुकानात रिळावर उरलेली होती म्हणून आणली आणि एकेका कॉइलला ५०० वेढे दिले. कॉइल दोन-दोनच्या तीन गटांत जोडलेल्या असतात, त्या गटाला फेज म्हणतात. दोन फेजांमधल्या चार कॉइलचा मिळून रोध झाला १३० ओहम. मीटर करंट जवळजवळ मागतच नाही, म्हणून त्याला ४५ व्होल्ट दिसायचे. बल्बने करंट मागितला की ते सगळे व्होल्ट तारेतच जिरायचे.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. १६ गेजची जाडजूड तार, कॉइलला जेमतेम २६ वेढे. बल्ब लालसर पेटला, घरात सगळ्यांना बोलावून दाखवला. बॅटरी जोडली तर ॲमीटरचा काटा जागचा हलेना. अडीच व्होल्टही न देणारं यंत्र बारा व्होल्टची बॅटरी काय चार्ज करणार!

दोन्ही कॉइल घेऊन जळालेल्या मोटारी भरून देणाऱ्या एका काकांकडे गेलो. त्यांनी ३६ गेजची कॉइल हातात फिरवली आणि म्हणाले, "सर, फर्म्यात एवढी जागा होती, तुम्ही एक हिस्सा भरली आणि दोन हिस्से हवा ठेवली. ताकद वेढ्यात नसते हो, जागेत असते. आधी जागा मोजा, मग गेज विचारा." पुढचं सगळं त्या वाक्याचाच विस्तार आहे.

उदाहरण म्हणून मी माझंच तिसरं यंत्र घेतोय. दोन पोलादी चकत्या, प्रत्येकीवर ८ निओडिमियम चुंबक, मध्ये ६ कॉइलची स्थिर चकती. सायकलच्या मागच्या रिमवरून पट्टा घेऊन ते फिरतं आणि १२ व्होल्टची बॅटरी चार्ज करतं. तुमचं यंत्र वेगळं असलं तरी रीत हीच, आकडे फक्त तुमचे घाला.

काय काय लागेल

- २५ मिमी व्यासाचे, १० मिमी जाड निओडिमियम चुंबक, १६ नग
- ६ मिमी जाड, १३० मिमी व्यासाच्या दोन पोलादी चकत्या, शाफ्ट आणि दोन बेअरिंग
- इनॅमल चढवलेली तांब्याची तार, साधारण अर्धा किलो (गेज अजून विचारू नका)
- चाचणीपुरती १८ गेजची सहा-सात मीटर तार
- लाकडी किंवा नायलॉनचा फर्मा, म्हणजे कॉइल गुंडाळायचा साचा
- हर्ट्झ मोजणारा मल्टीमीटर. हा पर्याय नसलेला मीटर घेऊ नका, पुढे अडेल.
- तारेची जाडी मोजायला मायक्रोमीटर. स्वतःचा नसेल तर लेथवाल्याकडे असतो.
- सोल्डरिंग गन, पॉलिश पेपर, स्लीव्ह, कागदी टेप
- एसीचा डीसी करणारा तीन फेजचा ब्रिज रेक्टिफायर, किंवा साधे दोन ब्रिज
- फ्यूज, आणि बॅटरी २० ॲम्पिअर-तास किंवा मोठी. यूपीएसच्या ७ ॲम्पिअर-तासाच्या छोट्या बॅटरीला इथला करंट जास्त होतो.

१. आधी तीन आकडे वहीत लिहा

पहिला आकडा, बॅटरी किती व्होल्टची. दुसरा, यंत्र आरामात किती आरपीएमने फिरणार. तिसरा, एका कॉइलला तार भरायला किती जागा आहे.

माझे आकडे असे. बॅटरी १२ व्होल्ट. सायकल सावकाश मारली तर शाफ्ट ८५० आरपीएमच्या आसपास फिरतो, म्हणून ६०० ला चार्जिंग सुरू व्हावं असं ठरवलं. कॉइलचं आतलं भोक चुंबकाएवढं, २५ मिमी. बाहेरचा व्यास ४५ मिमी. जाडी १० मिमी. म्हणजे तारेला मिळणारा छेद १० गुणिले १०, १०० चौरस मिमी.

ही जाडी वाढवली तर जास्त तांबं बसेल, मग १० वरच का थांबलो? कारण कॉइल जाड झाली की दोन्हीकडचे चुंबक एकमेकांपासून लांब जातात आणि मधलं क्षेत्र झपाट्याने कमजोर होतं. मी कॉइलच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड मिमी मोकळं ठेवलं, चुंबक ते चुंबक अंतर १३ मिमी झालं. चकत्या खऱ्या फिरत असतील तर एवढं पुरतं. डगमगत असतील तर आधी लेथवर जा.

२. चाचणीची कॉइल गुंडाळा

मायकल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं की कॉइलमधून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदललं की तिच्यात व्होल्ट तयार होतात. वेढे दुप्पट तर व्होल्ट दुप्पट, वेग दुप्पट तर व्होल्ट दुप्पट. (त्याला तारही तयार मिळत नव्हती. लोखंडी कड्यावर गुंडाळताना वेढे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्याने मध्ये सुतळी आणि थरांमध्ये कापड घातलं होतं. इनॅमलची तार हातात घेतली की मला हे हमखास आठवतं.)

चुंबकाची ताकद सूत्रात घालून व्होल्ट काढता येतात, पण विकणारा सांगतो ती ताकद आणि तुमच्या फटीत प्रत्यक्ष उरते ती, यांत बरंच अंतर असतं. त्यापेक्षा एक कॉइल गुंडाळून मोजणं सोपं.

१८ गेजचे ५० वेढे घ्या. एवढ्यात फर्मा गच्च भरतो, आणि चाचणीची कॉइल खऱ्या कॉइलच्याच आकाराची असणं महत्त्वाचं आहे. बारीक तारेचे ५० वेढे आतल्या भोकाला चिकटून बसतात आणि बाहेरच्या वेढ्यांपेक्षा वेगळे व्होल्ट देतात, मग सगळं गणित चुकतं.

कॉइल तिच्या जागी घट्ट बसवा, यंत्र ड्रिल मशीनने फिरवा, मीटर एसीवर ठेवून व्होल्ट वाचा, मग हर्ट्झवर ठेवून वेग काढा. ८ चुंबकांच्या चकतीला आरपीएम म्हणजे हर्ट्झ गुणिले १५. (१२० भागिले चुंबकांची संख्या. १२ चुंबक असतील तर १०.) माझ्याकडे ३३ हर्ट्झला, म्हणजे ५०० आरपीएमला, १.१ व्होल्ट आले. ५० ने भागले तर एका वेढ्याला ०.०२२ व्होल्ट. ६०० आरपीएमला ०.०२६४.

पूर्ण यंत्राचा पाया हा एवढा एक आकडा आहे. तो मिळेपर्यंत तारेचं दुकान गाठू नका.

३. वेढे काढा, बॅटरीकडून उलट येत

बॅटरी साधारण १२.६ व्होल्टला असते. ब्रिजमध्ये करंट एका वेळी दोन डायोडमधून जातो, त्यांचे १.४ धरा. म्हणजे एसीच्या लाटेचं शिखर १४ व्होल्टला पोचलं की चार्जिंग सुरू होणार.

मीटर शिखर दाखवत नाही, म्हणून १४ भागिले १.४१४, आले ९.९. हे दोन फेजांमधले व्होल्ट. स्टार जोडणीत (तिन्ही फेजांचं एकेक टोक एकत्र जोडलेलं) एका फेजचे काढायला १.७३२ ने भागा, ५.७. माझ्याकडे एका फेजमध्ये दोन कॉइल, म्हणून एका कॉइलला २.८५ व्होल्ट.

२.८५ भागिले ०.०२६४, आले १०८ वेढे.

वेढे ठरले. तार अजून ठरलेली नाही.

४. आता गेज, आणि तो जागेला विचारून

१०० चौरस मिमी जागेत १०० चौरस मिमी तांबं बसत नाही. गोल तारांमध्ये फटी राहतात, इनॅमलही जागा खातं. हाताने नीट गुंडाळलं तर ५५ टक्के धरा, म्हणजे ५५ चौरस मिमी. तेवढ्यात १०८ वेढे बसवायचे तर एका तारेचा छेद ०.५१ चौरस मिमी हवा. गेजच्या तक्त्यात हा आकडा २१ गेजला येतो.

तीच जागा वेगवेगळ्या गेजने गच्च भरली तर काय होतं ते पाहा. सरासरी एक वेढा ११ सेंमीचा धरलाय. शेवटचा आकडा स्टार जोडणीत चार्जिंग सुरू होण्याचा वेग.

- १८ गेज (१.२२ मिमी): ४७ वेढे, कॉइलचा रोध ०.०८ ओहम, १३८० आरपीएम
- २० गेज (०.९१ मिमी): ८४ वेढे, ०.२४ ओहम, ७७० आरपीएम
- २१ गेज (०.८१ मिमी): १०६ वेढे, ०.३९ ओहम, ६१० आरपीएम
- २२ गेज (०.७१ मिमी): १३८ वेढे, ०.६६ ओहम, ४७० आरपीएम
- २४ गेज (०.५६ मिमी): २२४ वेढे, १.७३ ओहम, २९० आरपीएम

आता गंमत करा. कोणत्याही ओळीतल्या वेढ्यांचा वर्ग करून रोधाने भागा. प्रत्येक वेळी २९ हजारांच्या आसपासच उत्तर येईल. तारेचा छेद निम्मा केला की वेढे दुप्पट बसतात आणि व्होल्ट दुप्पट होतात. पण तारेची लांबी दुप्पट झाली आणि छेद निम्मा, म्हणून रोध चौपट. व्होल्टचा वर्ग चौपट, रोध चौपट, शक्ती तिथल्या तिथे. काकांचं वाक्य मला इथे कळलं. वेढे आणि गेज बदलून तुम्ही फक्त शक्तीचं रूप बदलता: जास्त व्होल्ट-कमी करंट, किंवा कमी व्होल्ट-जास्त करंट. शक्ती वाढवायची तर चुंबक, वेग, फट आणि तांब्याचं वजन यांच्याकडेच जावं लागतं.

यावर कोणी म्हणेल, मग २४ गेजच घेऊ, २९० आरपीएमलाच चार्जिंग सुरू होतंय. मीही हाच विचार केला होता. अडचण अशी की बॅटरी आपले व्होल्ट सोडत नाही, तेरा-साडेतेराला धरून बसते. तुम्ही जास्तीचे जे व्होल्ट तयार कराल ते सगळे कॉइल तापवण्यात जातात.

८५० आरपीएमचा हिशोब बघा. २१ गेजच्या यंत्रात डीसी बाजूला १९ व्होल्ट तयार होतात. बॅटरी आणि डायोड मिळून १५ अडवतात, उरलेले ४ व्होल्ट दोन फेजांमधल्या चार कॉइलच्या मिळून १.६ ओहमच्या रोधातून अडीच ॲम्पिअर ढकलतात. बॅटरीत ३४ वॅट, कॉइलमध्ये १० वॅट उष्णता. २२ गेजला साडेतीन ॲम्पिअर मिळतात, बॅटरीत ४७ वॅट, पण कॉइलमध्ये ३२ वॅट. २४ गेजलाही साडेतीनच ॲम्पिअर, बॅटरीत तेच ४७ वॅट आणि कॉइलमध्ये ८५! म्हणजे पाय १३५ वॅटच्या वर मारणार आणि त्यातला मोठा वाटा कॉइल शेकायला. धडधाकट माणूस तासन्‌तास ७५ वॅटच्या आसपास टिकवू शकतो, त्याच्या बरंच वर गेलं की लवकर दमतो.

२० गेजचं उलट. ८५० ला जेमतेम चार्जिंग सुरू होतं, पण हजार-अकराशेने फिरवणारं काही असेल, समजा ओढ्यावरचं चाक पुलीने वेग वाढवून, तर कॉइल कमी तापवण्यात २० गेज २१ पेक्षा सरस ठरेल. म्हणूनच "किती गेज चांगली?" या प्रश्नाला वेगाशिवाय उत्तर नाही.

शेवटची तपासणी, तार सोसेल का? उघड्या हवेतल्या कॉइलला एका चौरस मिमीला ३ ते ५ ॲम्पिअर मी सुरक्षित मानतो. २१ गेजला अडीच ॲम्पिअर डीसीला फेजमधून सुमारे २ ॲम्पिअर जातात, भागिले ०.५२, चारच्या आत. २४ गेजला हाच आकडा बाराच्या घरात जातो. रेझिनमध्ये ओतलेली कॉइल आतून किती तापली हे बाहेरून लवकर कळतही नाही. तांबं ५० अंशांनी तापलं की त्याचा रोध आणखी २० टक्क्यांनी वाढतो, ते वेगळंच.

५. तार विकत घेताना

व्हिडिओ पाहून गेज ठरवलेला असेल तर थांबा. अमेरिकन लोक गेज म्हणतात तो वेगळा, आपल्याकडे रिवायंडिंगच्या दुकानात चालतो तो ब्रिटिश. अमेरिकन २० गेज ०.८१ मिमी, आपला २० गेज ०.९१ मिमी. वर दिलेल्या यादीत पाहिलंत तर अमेरिकन २० म्हणजे आपला २१ झाला. सरळ मिलीमीटर सांगा आणि मायक्रोमीटर लावून घ्या. इनॅमलसकट मोजलं तर थोडं जास्तच दिसणार, घाबरू नका.

हवा तो गेज मिळाला नाही तर दोन बारीक तारा जोडीने गुंडाळा. मोटारवाले हे रोज करतात. २४ गेजच्या दोन तारांचा छेद ०.४९, म्हणजे जवळपास २१ गेज. शिवाय दोन बारीक तारा फर्म्याच्या वळणावर जाड तारेपेक्षा छान बसतात. मोजताना जोडीला एक वेढा धरायचा, दोन नव्हे. हसू नका, मी चुकलोय.

तार तांब्याचीच आहे का पाहा. टोक पात्याने खोलवर खरवडा, आत चंदेरी दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, म्हणजे वरचं सगळं गणित पाण्यात. हातात घेतल्यावर रीळ हलकं लागतं, तीही खूण.

जळालेल्या मोटारीतून उकललेली जुनी तार फुकट मिळाली तरी नको. तिचं इनॅमल भाजून ठिसूळ झालेलं असतं, वळवलं की तडकतं आणि वेढे आतल्या आत एकमेकांना चिकटतात.

सहा कॉइलला सुमारे ७२ मीटर, वजनात ३३० ग्रॅमच्या आसपास लागते. अर्धा किलो घेतली की एक कॉइल बिघडली तरी हात थांबत नाही.

६. गुंडाळणं

फर्मा म्हणजे २५ मिमीचा गोल ठोकळा आणि दोन्ही बाजूंना १० मिमी अंतरावर दोन गाल. गालांना चार खाचा ठेवा, कॉइल काढण्याआधी त्यांतून दोरा घालून बांधता येते.

तार ताठ धरा, पण इतकी ओढू नका की ती ताणून बारीक होईल. वेढ्याला वेढा लावून थर पूर्ण करा, मग वरचा थर. आडवेतिडवे वेढे गेले की ५५ टक्क्यांचे ४५ होतात, आणि शंभरी गाठायच्या आत फर्मा भरतो. दर दहा वेढ्यांना कागदावर रेघ मारा. फोन वाजला तर आधी रेघ, मग फोन.

सहाही कॉइल एकाच दिशेने गुंडाळा आणि प्रत्येकीच्या सुरुवातीच्या टोकाला त्याच क्षणी कागदी टेप लावा. "नंतर लावू" म्हणालात की दोन्ही टोकं सारखीच दिसतात.

सहाही कॉइलचा रोध मोजून वहीत लिहा. इतका छोटा रोध मोजताना मीटरच्या वायरींचा स्वतःचा ०.२-०.३ ओहम त्यात मिसळतो, आधी दोन्ही टोकं एकमेकांना लावून तो वजा करा. एखादीचा रोध इतरांपेक्षा बराच कमी दिसला तर वेढे मोजण्यात चूक आहे किंवा आतले वेढे चिकटलेत.

७. जोडणी

कॉइलना गोलात १ ते ६ क्रमांक द्या. समोरासमोरच्या जोड्या एका फेजच्या: १ आणि ४, २ आणि ५, ३ आणि ६. १ चं शेवटचं टोक ४ च्या सुरुवातीला, असंच बाकीच्यांचं. ४, ५, ६ ची शेवटची टोकं एकत्र सोल्डर केली की स्टारचा मध्यबिंदू झाला. १, २, ३ ची सुरुवातीची टोकं बाहेर काढा, ती रेक्टिफायरला.

सोल्डर करण्याआधी इनॅमल पूर्ण खरवडा. ते पारदर्शक असतं, खरवडल्यासारखं वाटतं आणि नसतं. जोड कोरडा राहिला तर रोध कमीजास्त होत राहतो आणि दोष तुम्ही चुंबकांत शोधत बसता.

एखाद्या फेजवर व्होल्ट जवळजवळ शून्य दिसले तर तिथली एक कॉइल उलटी जोडली आहे, दोघी एकमेकींचे व्होल्ट खाताहेत. टोकं अदलाबदल करा. हे रेझिन ओतण्याआधी तपासा, कृपा करून.

डेल्टा जोडणीत (तिन्ही फेज टोकाला टोक जोडून केलेला त्रिकोण) हेच यंत्र ६०० ऐवजी हजाराच्या वर जाऊन चार्जिंग सुरू करेल, करंट मात्र १.७ पट देऊ शकेल. सायकलीला स्टारच बरा.

चुंबक बसवताना शेजारचा उलट ध्रुवाचा आणि दोन्ही चकत्यांचे समोरासमोरचे चुंबक एकमेकांना ओढणारे, हे पाहा. चकत्या जवळ आणताना बोटं मध्ये घालू नका, लांब बोल्ट हळूहळू फिरवत आणा. घरात कोणाला पेसमेकर असेल तर हे काम त्यांच्यापासून लांब करा.

८. चालवून पाहणं

आधी बॅटरीशिवाय. ६०० आरपीएमला, म्हणजे ४० हर्ट्झला, बाहेर काढलेल्या कोणत्याही दोन टोकांमध्ये दहाच्या आसपास व्होल्ट यायला हवेत, आणि तिन्ही जोड्यांत सारखे. मग फ्यूजमधून बॅटरी जोडा. फ्यूज बॅटरीच्या टोकाजवळच, जनरेटरजवळ नव्हे, कारण वायर घासली तर आग लावणारा करंट बॅटरीकडून येतो.

करंट मोजून झाल्यावर मीटरची लाल वायर १० ॲम्पिअरच्या भोकातून लगेच काढा. ती तिथेच राहिली आणि तुम्ही बॅटरीचे व्होल्ट मोजायला गेलात की थेट शॉर्टसर्किट.

बॅटरी १४.४ व्होल्टला पोचली की थांबा. आणि पायडल मारता मारता बॅटरीची वायर सुटली तर यंत्र एकदम हलकं होऊन पळतं, व्होल्ट चढतात. त्याच वायरवर मोबाइलचा चार्जर जोडलेला असेल तर तो जाईल. घराच्या वायरिंगला हे यंत्र कधीही जोडू नका, मेन स्विच बंद असला तरी.

अर्धा तास चालवून कॉइलच्या चकतीवर हात ठेवा. कोमट ठीक. हात ठेववत नसेल तर वेग कमी करा, किंवा जाड तारेच्या कमी वेढ्यांची नवी चकती करून ती जास्त वेगाने फिरवा.

राहिली ती ३६ गेजची ५०० वेढ्यांची कॉइल. ती मी टाकली नाही. चकतीच्या कडेला एका पट्टीवर बसवून तिच्या दोन वायरी कायमच्या मीटरच्या हर्ट्झला लावून ठेवल्या आहेत. बॅटरी जोडलेली असताना खऱ्या फेजवरची लाट वेडीवाकडी होते आणि मीटर गोंधळतो, या कॉइलला त्याचं काही नाही. आकडा वाचायचा, १५ ने गुणायचा. मीटर करंट मागत नाही, त्यामुळे तिचा रोध कितीही असला तरी इथे चालतो.